खाजनाचा बांध आणि राज्याची जबाबदारी

हवामान बदलाविषयीचे करार देशादेशांत होतात. पण समुद्र वर चढू लागला की तो प्रथम गावच्या बांधाला भिडतो. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूची या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. तिच्या १४व्या नोंदीत शेती, १८व्या नोंदीत जमीन आणि १७व्या नोंदीत पाण्याबरोबर निचरा व बांध यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. केंद्र सरकार धोरण आखील, निधीही देईल. बांध मात्र राज्याचाच विषय आहे.

गोव्यात याची खरी कसोटी खाजन जमिनींत लागणार आहे. सुमारे १८ हजार हेक्टरांचे हे क्षेत्र भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहे. चिकणमाती, पेंढा आणि जांभा दगड यांचे बांध खारे पाणी अडवतात, तर मानस शेतातील पाण्याचा निचरा करते. भरतीच्या दाबाने मानशीचे दार मिटते, ओहोटी लागली की उघडते. ना वीज, ना यंत्र. मात्र ही सारी रचना ओहोटीच्या काही तासांवर विसंबून आहे. समुद्राची पातळी उंचावली की दार उघडे राहण्याचा अवधी घटतो आणि नेमक्या मुसळधार पावसात शेतातले पाणी आतच तुंबते. बांध न फुटताही पीक कुजते, ते असे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि अलीकडच्या दशकांत हा वेग वाढतोच आहे. खारटपणा सोसणारे कोरगुट भातही साचलेल्या पाण्यापुढे किती टिकाव धरणार?

पूर्वी बांधांची निगा गावकरी संस्था, म्हणजे कोमुनिदादी राखत. १९६४च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी मुख्यतः कुळांच्या संघांकडे आली. मानशीच्या पावणीतून पैसा मिळतो. पण अधिक मासळीसाठी खारे पाणी आत खेळते ठेवण्याचा मोह आणि शेतीचे हित यांचे पटत नाही. त्यात कृषी, जलस्रोत, पर्यावरण अशी खाती वेगवेगळी. बांधावर खारफुटी वाढली असेल, तर दुरुस्तीपूर्वी परवानगीचा प्रश्न उभा राहतो. समुद्र वाढण्याचा हिशेब एखाद्या कूळ संघाने मांडावा, ही अपेक्षाच अवाजवी आहे.

२०११च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने खाजनांचे नकाशे आणि व्यवस्थापन आराखडा करण्यास सांगितले होते. त्याला आता प्रत्येक बांधाची उंची आणि तेथील कमाल भरतीची पातळी यांची जोड हवी. कोणता बांध आधी उंच करायचा, कोठे मानशी रुंद करायच्या, हे त्यावरूनच ठरेल. हे काम एखाद्या खात्याच्या अखत्यारीत मावणारे नाही. खात्यांना एकत्र बसवून मुदत घालून देण्याचा अधिकार मंत्रिमंडळाकडे आहे. पावसाळ्यापूर्वी बांध भक्कम व्हायचा, तर त्याची निविदा डिसेंबरातच निघायला हवी.