मुक्या सर्किटाची जबानी

मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गापासून अकोल्याची वाट जेथे फुटते, त्या पूर्णा जंक्शनाच्या वस्तीने निजामाच्या अमदानीतील मीटरगेजपासून आजच्या ब्रॉडगेजपर्यंत रेल्वेचाच आश्रय मानला. आणि सिग्नलचे लाल-हिरवे दिवे बालपणापासून पाहणाऱ्या तेथील एखाद्या विद्यार्थ्याने घरी ब्रेडबोर्डवर आपला पहिला एलईडी दिवा लुकलुकवू पाहावा, हे अगदी स्वाभाविक होय. परंतु तो दिवा लागत नाही, आणि येथूनच खरे शिक्षण सुरू होते.

1872 साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन संशोधकाने ज्याचे पेटंट घेतले, त्या ट्रॅक सर्किटात रुळांच्या एका टोकास बॅटरी व दुसऱ्या टोकास रिले असतो. गाडीची चाके दोन्ही रूळ परस्परांस जोडतात, रिलेकडे जाणारा प्रवाह आटतो आणि सिग्नल लाल होतो. विशेष हे की, तार तुटली किंवा बॅटरी उतरली तरीही सिग्नल लालच होतो. म्हणजे यंत्रणा आपला कसूर स्वतःच रुजू करते. ब्रेडबोर्डाच्या ठायी ही प्रामाणिक तजवीज नाही. दिवा लागत नाही एवढीच त्याची फिर्याद, आणि कारणे मात्र अनेक.

अशा वेळी सर्व तारा उपटून मांडणी नव्याने करण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण त्यायोगे पुरावाच नष्ट होतो. तपास वीजपुरवठ्यापासून आरंभावा, आणि मल्टिमीटरची टोके बॅटरीवर नव्हे, तर आयसीच्या पायांवरच टेकवावीत. ब्रेडबोर्डाची छिद्रे 2.54 मिलिमीटर अंतरावर असून पाच-पाचांच्या गटात आतून जोडलेली असतात; मधल्या खाचेपलीकडचा गट मात्र स्वतंत्र असतो. कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या कित्येक लांब बोर्डांत मध्यावर खंडित असतात, आणि अर्ध्या बोर्डाला वीज पोहोचलेलीच नसते, हे नवशिक्याच्या ध्यानात येत नाही.

हान्स कामेनझिंड यांनी रचलेली आणि 1972 मध्ये बाजारात आलेली 555 ही आयसी घेऊ, कारण नवशिक्याचा लुकलुकता दिवा बहुधा तिच्यावरच बेततात. आठव्या पायास धन, पहिल्यास ऋण, दुसरा व सहावा परस्परांस जोडलेले, चौथा धनाकडे; हा चौथा पाय मोकळा सोडल्यास आयसीचे वर्तन बेभरवशाचे होते. 1 किलोओहम व 47 किलोओहमचे रेझिस्टर आणि 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर योजल्यास दिवा सेकंदास सुमारे दीड वेळा लुकलुकतो. पण मंद प्रकाशात तांबडी पट्टी नारिंगी समजून 47 ऐवजी 4.7 किलोओहमचा रेझिस्टर बसविला, तर तो चौदा वेळा थरथरतो. आणि कपॅसिटर चुकून 0.1 मायक्रोफॅरडचा असला, तर दीडशे वेळा लुकलुकूनही डोळ्यांस अखंड तेवत असल्यासारखा भासतो. तिसऱ्या पायावर मीटरने पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास आकडा दाखविला, तर आयसी निर्दोष असून कालमापनाचे घटक चुकले असावेत, असा तर्क करावयास हरकत नाही. निर्जीव भासणाऱ्या सर्किटाची याहून बोलकी जबानी मला ठाऊक नाही.

आकडा ठीक असूनही दिवा मुळीच लागत नसेल तर एलईडीची स्वतंत्र चौकशी करावी: 9 व्होल्टच्या बॅटरीस 470 ओहमचा रेझिस्टर जोडून लांब पाय धनाकडे ठेवावा, म्हणजे सुमारे 15 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. रेझिस्टरावाचून जोडल्यास एलईडी जळण्याचाच संभव अधिक. दरेक वेळी एकच बदल करावा व तो वहीत नोंदवावा. दोन बदल एकदम केल्यास दिवा लागला तरी कारण अज्ञातच राहते, आणि असे यश मी अपयशाहूनही वाईट मानतो.

आयसी सदोष ठरविणे हा अगदी शेवटचा निवाडा असावा, कारण बहुतेक वेळा कसूर सैल तारेचा, उलट्या एलईडीचा वा चुकलेल्या छिद्राचा निघतो. म्हणून घरातल्या जिज्ञासू मुलाला या दिवाळीत भेट द्यावयाची असेल, तर आणखी सुट्या भागांआधी एक साधा मल्टिमीटर द्यावा.