दोन लाखांची मागणी आणि सहा महिन्यांचे सर्टिफिकेट

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांच्या नाक्यानाक्यावर जाहिराती चिकटू लागतात. 'सहा महिन्यांत इको-ईसीजी टेक्निशियन व्हा! शंभर टक्के नोकरी!' गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेल्या मुलीचा फोटो आणि खाली मोबाईल नंबर. आई चार घरची धुणीभांडी करते, बाप बिगारी कामाला जातो, आणि तरीही कर्ज काढून ही फी भरली जाते. सहा महिन्यांनी हातात रंगीत सर्टिफिकेट येते. ते घेऊन पोरगी हॉस्पिटलात गेली की तिथला माणूस एकच प्रश्न विचारतो, हे कोणत्या विद्यापीठाचे?

तंत्रशिक्षण घ्या, असे आपल्याला सांगणारा पहिला माणूस हा जाहिरातवाला नव्हे. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाईसरॉयला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्या वेळी ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या निवेदनात त्यांनी स्पष्ट म्हटले की, कला आणि कायद्याच्या पदव्यांनी या समाजाचे फारसे भागणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे. त्यासाठी देशातल्या विद्यापीठांत शिकणाऱ्यांना दरसाल दोन लाख आणि परदेशात शिकणाऱ्यांना एक लाख रुपये शिष्यवृत्ती त्यांनी मागितली. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आपली मुले उमेदवार म्हणून घ्यावीत, हीही मागणी होती. १९४४ पासून अनुसूचित जातींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू लागली, ती या झगड्यातून. मागणी 'उच्च' शिक्षणाची होती, हे विसरू नये.

आणि मागणारा माणूस कोण होता? अर्थशास्त्रज्ञ! सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेला, रुपयाच्या प्रश्नावर लंडनची डी.एस्सी. मिळवलेला. मजूर खात्याबरोबर वीजही त्यांच्याकडे होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविकासाच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी मुद्दा मांडला तो असा, की स्वस्त आणि मुबलक वीज असल्याशिवाय कारखानदारी नाही, आणि कारखानदारी असल्याशिवाय शेतीवर कोंबलेल्या माणसांची दारिद्र्यातून सुटका नाही. पुढच्याच वर्षी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. विजेच्या तारेकडे त्यांनी अर्थशास्त्राच्या डोळ्यांनी पाहिले. आपण मात्र खांबावर चढणारा वायरमन म्हणजे हलके काम समजतो.

विजेचा रस्ता आजही खुला आहे आणि तो पायऱ्या-पायऱ्यांनी वर जातो. दहावीनंतर शासकीय आयटीआयमध्ये दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड. त्यानंतर १९६१ च्या कायद्याखालची अ‍ॅप्रेंटिसशिप. इच्छा असेल तर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमात थेट दुसऱ्या वर्षाला, आणि डिप्लोमानंतर इंजिनीअरिंगच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआय हा शेवट नव्हे, दरवाजा आहे. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत हेच आयटीआयवाले लागतात. अर्थात तिथे पहिली तीन वर्षे मानधनावर काढावी लागतात, हेही सांगितले पाहिजे. २००५ मध्ये वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या, कंत्राटदार वाढले, आणि कंत्राटदार बिंदुनामावली पाहून माणूस घेत नाही.

आता इकोची गोष्ट. हे यंत्रसुद्धा मुळात विजेच्याच घरातले आहे. १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे एडलर नावाचा डॉक्टर आणि हर्ट्झ नावाचा भौतिकशास्त्रज्ञ यांनी जहाजबांधणीच्या कारखान्यातून धातूतील दोष शोधणारे यंत्र उसने आणले आणि त्याने चालत्या हृदयाची हालचाल नोंदवली. प्रोबमधल्या स्फटिकाला विजेचा झटका दिला की तो कंप पावतो, ऐकू न येणाऱ्या लहरी छातीत जातात, झडपांवरून आदळून परततात. परतायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळते, आणि लहरींच्या बदलावरून रक्ताचा वेग. हे समजायला भौतिकशास्त्र लागते, शरीररचना लागते, आणि शेकडो रुग्णांवर बसलेला हात लागतो. सहा महिन्यांत हे होत नाही.

आपल्या वस्त्यांना तर या तपासणीची गरज अधिकच आहे. दाटीवाटीच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाचा घसा वारंवार सुजतो, उपचार होत नाहीत, पुढे संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाची झडप कायमची खराब होते. हे वेळीच इकोत दिसले तर पेनिसिलीनच्या नियमित इंजेक्शनांनी पुढची हानी टाळता येते. गरिबीचा हा आजार पडद्यावर ओळखणारे आपल्यातले कोणी का नसावे?

अमेरिकेत टेक्निकल कॉलेजातून दोन वर्षे शिकलेला सोनोग्राफर स्वतः चित्रे घेतो, डॉक्टर ती वाचतो. तेथील पगाराच्या गोष्टी ऐकवून इथे कोर्स विकले जातात. पण इथे १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, ते कोणी चालवायचे यावर बंधने आहेत, आणि अहवालावर सही डॉक्टरचीच. शिवाय २०२१ मध्ये संसदेने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांचा राष्ट्रीय कायदा केला. त्याच्या परिशिष्टात इको टेक्नॉलॉजिस्टचे नाव आहे. पण डिप्लोमासाठी किमान २,००० तास, दोन ते चार वर्षांत. पदवीसाठी ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत. सहा महिन्यांचे सर्टिफिकेट या व्याख्येत बसतच नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पॅरामेडिकल पदवीचा अभ्यासक्रम आहे, त्यात कार्डिओलॉजी टेक्निशियनची शाखा आहे. बारावी विज्ञान झालेल्यांनी तिकडे पाहावे.

राहिले अर्थशास्त्र. मार्क कमी पडले की आर्ट्सला जाऊन घ्यायचा विषय, अशी त्याची आपल्याकडे गत झाली आहे. गणित सोडून अर्थशास्त्र करता येते ही समजूत तर घातकच. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा अर्थसंकल्पात किती दाखवला, किती वळवला, शिष्यवृत्तीतला केंद्राचा साठ टक्के वाटा केव्हा आला, हे आकडे वाचणारी माणसे चळवळीत बोटावर मोजण्याइतकी आहेत. मोर्चात घोषणा देणारे हजारो आहेत, तक्ता उघडून बसणारा एखादाच. प्रत्येक आयटीआयवाल्याने अर्थतज्ज्ञ व्हावे असे नाही, पण ज्या घरात गणितात डोके चालणारी मुलगी आहे तिला डी.एड.कडे ढकलण्याआधी घरच्यांनी थोडे थांबावे.

आणि ज्यांनी त्या जाहिरातीचा नंबर आधीच लिहून घेतला आहे, त्यांनी फोनवर तीनच गोष्टी विचाराव्यात : संलग्नता कोणत्या विद्यापीठाची किंवा मंडळाची, प्रात्यक्षिक कोणत्या हॉस्पिटलात, आणि या कोर्सला महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरता येतो का. तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक फोन ठेवले जातात.