सिस्टरचे नाव नोंदवहीत आहे का?

वस्तीजवळच्या छोट्या नर्सिंग होममध्ये सलाईन लावणाऱ्या मुलीला आपण सिस्टर म्हणतो. ती शिकलेली नर्स आहे की डॉक्टरांनी चार-सहा महिने हाताखाली ठेवून तयार केलेली, हे आपण विचारत नाही. विचारायला हवे.

नर्स कोणाला म्हणायचे, हे ठरवण्याचे काम कायद्याने बऱ्याच अंशी नर्सच्याच परिषदेवर सोपवले आहे. मुंबई प्रांतात १९३५ साली नोंदणीचा कायदा झाला. आता १९६६ च्या कायद्यानुसार महाराष्ट्र परिचर्या परिषद हे काम पाहते. मान्यताप्राप्त संस्थेतून एएनएम, जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांचीच नावे तिच्या नोंदवहीत चढतात. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. गैरवर्तन सिद्ध झाले तर परिषद नाव काढूनही टाकू शकते.

पण नोंदवहीचा धाक नोंदवहीतल्यांनाच. पैसे वाचवण्यासाठी मालकाने दहावी-बारावी झालेली मुलगी कामाला ठेवली आणि तिच्या हातून चुकीचे इंजेक्शन गेले, तर परिषद नाव काढणार कशातून? ते तिथे चढलेलेच नसते.

नोंदणी झालेल्या नर्सचीही कोंडी आहेच. डोस चुकीचा वाटला तर थांबून डॉक्टरांना विचारणे, जे केले तेवढेच कागदावर लिहिणे, हा तिचा पेशाधर्म. मात्र रात्रपाळीला एकटी असलेली, मालकाच्या मर्जीवर नोकरी टिकवणारी मुलगी 'सर, हे बरोबर नाही' असे किती वेळा म्हणेल? सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली सांगितले होते की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सचा पगार २०,००० रुपयांच्या खाली नसावा. आमच्या माहितीतल्या कित्येकींच्या हाती त्याच्या निम्मेही पडत नाहीत.

आता २०२३ च्या केंद्रीय कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्याची तरतूद केली आहे. जुन्या परिषदेवर राज्य परिषदांकडून नर्स निवडून जात. आयोगात भर सरकारी नेमणुकांवर आहे. नियम एकसारखे होतील हे चांगले, पण नर्सचा स्वतःचा आवाज यात क्षीण होईल, असे आम्हाला वाटते.

आपल्या घरांतल्या अनेक मुली या पेशात जातात, म्हणून हे जास्तच जवळचे. 'सहा महिन्यांत नर्स व्हा' अशी पाटी दिसली की कर्ज काढून फी भरू नका. एएनएमला दोन वर्षे लागतात, जीएनएमला तीन, बी.एस्सी.ला चार. रुग्णसेवकाचा छोटा कोर्स करायला हरकत नाही, तेही कष्टाचे आणि मानाचे काम आहे. पण त्यावर नर्स म्हणून नोंदणी होत नाही. संस्थेला परिषदेची मान्यता आहे का, हे प्रवेशाआधीच परिषदेकडून पडताळून घ्या.

नोंदणीकृत नर्सविरुद्ध तक्रार असेल तर ती परिषदेकडे लेखी द्या, केसपेपरची प्रत जोडून. नोंदणी नसलेली व्यक्ती नर्सचे काम करत असेल, तर शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे रुग्णालयाविरुद्ध अर्ज करा. त्यात त्या मुलीपेक्षा तिला तिथे उभे करणाऱ्या मालकाचे नाव आधी लिहा.