फायरवॉल बसवण्याआधीची वही

फायरवॉल म्हटलं की डोळ्यांसमोर आगीची भिंत येते. आमच्या कॉलेजात येणार आहे तो मात्र एक साधा जुना कॉम्प्युटर. त्यात तीन नेटवर्क कार्डं आणि पीएफसेन्स नावाची मोफत प्रणाली. एका कार्डात बाहेरून आलेली इंटरनेटची केबल, दुसऱ्यात ऑफिस आणि ग्रंथालय, तिसऱ्यात आमची लॅब. या तिघांत जे काही ये-जा करेल ते नियमात बसलं तरच पुढे जाणार. बसवायला एक दुपार पुरे. पण त्याआधीची माहिती गोळा करायला आम्हा बीसीएच्या तिघींना दोन आठवडे लागले. मी लिहितेय ते त्या दोन आठवड्यांबद्दल. त्यात आपल्या मराठी मंडळाचाही जीव अडकला होता, ते पुढे येईलच.

मुळात फायरवॉलला आपलं कॉलेज ठाऊक नसतं. बाहेरून आपणहून आत येऊ पाहणारं सगळं तो अडवतो. आतून बाहेर जाण्याच्या वाटाही मोजक्याच ठेवायच्या, असं आमच्याकडे ठरलंय. म्हणजे यादीत जे नाही ते बंद! परीक्षा विभाग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर गुण भरतो. ती वाट यादीतून सुटली आणि शेवटच्या तारखेला कळलं, तर भोगायचं मुलांनी.

सुरुवात बाहेरच्या टोकापासून केली. इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता कायमचा आहे की बदलता? जोडणीला युजरनेम-पासवर्ड लागतो का? गेटवे, मास्क, डीएनएस काय? हे सगळं केबल काढण्याआधीच कागदावर हवं, कारण केबल काढल्यावर शोधायला इंटरनेटच नसतं. मोडेममधला बाहेरचा पत्ता १०. किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला असेल, तर तो खासगी पत्ता. १९९४ साली हे तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. म्हणूनच तुमच्या घरचा राउटर आणि आमची लॅब, दोन्हीकडे १९२.१६८.१.१ सुखाने नांदतो. बाहेरच्या टोकाला असा पत्ता दिसला तर मध्ये आणखी कुणीतरी पत्ते बदलतंय, आणि बाहेरून थेट आपल्यापर्यंत पोचता येणार नाही, हे समजून चालायचं. आमचा पत्ता कायमचा निघाला. तो तसाच राहायला हवा हे ग्रंथपाल सरांनी सांगितलं, कारण काही नियतकालिकं प्रकाशक तो पत्ता ओळखूनच उघडतात.

आतली बाजू जास्त गुंतागुंतीची. तिथे पत्ते वाटायचं काम मोडेमच करत होता. फायरवॉलही तेच करू लागला आणि मोडेमचं वाटप बंद केलं नाही, तर काही मशिनं एकाकडून पत्ता घेतील, काही दुसऱ्याकडून, आणि ‘माझं नेट चालतंय, तुझं का नाही’ हा खेळ सुरू. शिवाय प्रिंटर, हजेरीचं अंगठा मशीन, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांत पत्ता हाताने घातलेला असतो, आणि गेटवे म्हणून मोडेमचाच १९२.१६८.१.१. प्रत्येक मशीन उघडून तो बदलत बसण्यापेक्षा फायरवॉलच्या ऑफिसकडच्या कार्डाला तोच पत्ता द्यायचा, आणि मोडेम नुसता पूल म्हणून ठेवायचा. एक पथ्य मात्र पाळायचं: कुठल्याही दोन कार्डांवर एकच पट्टा नको. नाहीतर १९२.१६८.१.२० कुठल्या बाजूला आहे हे फायरवॉलने ठरवायचं कसं?

यादीसाठी प्राचार्य फादरांची लेखी परवानगी घेऊन एनमॅप चालवलं. परवानगीशिवाय हे करू नका, आपल्याच कॉलेजात असलात तरीही. पण बंद असलेलं मशीन एनमॅपला दिसत नाही. हजेरीचं मशीन रात्री एकदाच माहिती पाठवतं, परीक्षा विभागातला एक कॉम्प्युटर तर परीक्षेपुरताच सुरू होतो. शेवटी वही घेऊन खोलीखोलीत गेलो आणि विचारलं: यावर काय करता, कधी करता, आणि नाही चालला तर कुणाचं अडतं? खरी माहिती इथे मिळाली. केबलींवरच्या चिठ्ठ्या ऑफिसात कन्नड, ग्रंथालयात मराठी, लॅबमध्ये इंग्रजी! एका प्रिंटरबद्दल शिपाईमामा म्हणाले, “कुणाचा काय ठाऊक की, आम्ही आल्यापासून हितंच हाय.” तोही पत्त्यासकट लिहिला.

मोडेममध्ये एक जुनं भोकही सापडलं. कॅमेरे मोबाइलवर दिसावेत म्हणून कुणीतरी रेकॉर्डरचं पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं ठेवलं होतं. कुणी, कधी, कुणालाच आठवेना. माझ्या मते हे एकट्यानेच दोन आठवड्यांची मेहनत वसूल झाली. नव्या रचनेत ते बंद राहील.

आता मंडळाचं. आपल्या जुन्या हस्तलिखित अंकांचे स्कॅन ग्रंथालयातल्या एका कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर शेअर केलेल्या फोल्डरमध्ये आहेत, आणि अंकाची जुळणी करताना आपण ते लॅबमधून उघडतो. आजवर दोन्ही एकाच पट्ट्यात होते, त्यामुळे ही ये-जा स्विचमधून परस्पर व्हायची. आता मध्ये फायरवॉल येणार, आणि ४४५ क्रमांकाचं पोर्ट लॅबकडून त्या एकाच कॉम्प्युटरपुरतं उघडलं नाही तर फोल्डर दिसणारच नाही. कुठल्याही कागदावर या फोल्डरची नोंद नव्हती. ग्रंथालयातल्या ताईंनी सहज बोलता बोलता सांगितलं म्हणून कळलं. स्कॅनची दुसरी प्रत कुठेच नाही, हेही तेव्हाच समजलं. ती आता हार्डडिस्कवर घेतली आहे.

वहीत पासवर्ड लिहिलेले नाहीत. ते पाकिटात, फादरांच्या कपाटात. वहीचे फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत हेही ठरलंय, कारण जी यादी आपल्याला वाट दाखवते तीच चोरालाही दाखवते.

तारीख अजून ठरायची आहे. परीक्षा विभागातल्या मॅडमनी बजावलंय, सगळे गुण भरून होईपर्यंत केबलला हात लावायचा नाही. वहीच्या शेवटच्या पानावर तेवढं लिहून घेतलंय.