करबुड्याच्या अंधारात

आडवलीला गाडी थांबते आणि थांबूनच राहते. समोरून येणारी गाडी आधी जाणार. वीरच्या दक्षिणेला रूळ एकेरी, त्यामुळे कोकण रेल्वेवर क्रॉसिंग नित्याचंच. डब्यात कुणी घड्याळाकडेसुद्धा बघत नाही. गौरी-गणपती आटोपून सगळे मुंबईला परत निघालेत. बाकांखाली तांदळाच्या पिशव्या, अळूच्या जुड्या, पिवळीधमक तवशी. एक सुटा नारळ आहे, तो कुणाचा ते अजून कळलेलं नाही. गाडीने ब्रेक मारला की घरंगळत माझ्या पायाशी येतो.

समोरच्या आजी पिशवीची गाठ सोडतात. कणकवलीला चढल्यापासून त्या माझ्या हातातल्या वेफर्सच्या पुडीकडे बघतायत. माझा डबा कुडाळला घरच्या पडवीतच राहिलाय हे मी बोललेलो नाही, पण त्यांना ते कळलंय.

"उपाशी कित्याक बसलंस? घे वायच."

वायच म्हणजे थोडं. केळीच्या पानाच्या तुकड्यावर तीन आंबोळ्या पडतात. त्यांवर काळ्या वाटाण्याची उसळ, प्रवासासाठी मुद्दाम आटवलेली, भाजल्या खोबऱ्याचं वाटप दाण्यादाण्याला चिकटून बसलेलं. मी नको-नको म्हणतोय तोवर राजापूरला चढलेले काका आपला डबा मधे सरकवतात, काकू लोणच्याची बरणी उघडतात. आता कुणाचं काय, हे सांगणं कठीण.

"कोकण रेल्वे नव्हती ना, तेव्हाची गोष्ट," काका बोट चाटत म्हणतात. "कशेडी घाटात गाडी बंद पडली. रात्रभर. शेजारच्या माणसाने भाकरी दिली, वर सुकटाची चटणी. त्याचं नाव विचारायचं राहिलं. पण ती चटणी! पुन्हा तशी नाही मिळाली."

"भुकेची चव ती," आजी निकाल देतात.

"आणि आमच्या लग्नात पंगतीला काय होतं ते विचारा," काकू मला सांगतात, "एक पदार्थ आठवायचा नाही." काका लोणच्याकडे वळतात.

समोरची गाडी धडधडत जाते आणि आम्ही हलतो. पुढे पानवल नदीवरचा पूल. खाली ६४ मीटर पोकळी, म्हणून एरवी लोक खिडक्यांशी गर्दी करतात. आज फक्त आजींचा नातू उठतो, तोही हातात आंबोळी घेऊन.

रत्नागिरी मागे पडल्यावर आजी सगळ्यात खालचा, फडक्यात बांधलेला डबा काढतात. झाकण निघताच हळदीच्या पानाचा वास पसरतो. तवसं किसून, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं घालून भाजलेल्या वड्या. खाली चूल आणि वरच्या झाकणावर निखारे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी खरपूस. मधे मात्र ओलसर, बोटाने दाबली तर खळगा पडेल अशा.

"अरे वा, धोंडस!" काका.

"तवसोळी," आजी.

"आमच्याकडे धोंडसच म्हणतात."

"म्हणा. पण ही तवसोळी."

वाद रंगणार तेवढ्यात भोके स्टेशन जातं आणि करबुड्याचा बोगदा आम्हाला गिळतो. साडेसहा किलोमीटर. दिव्याचं बटण काकांच्या डोक्यावरच आहे, पण गुळाने चिकट झालेला हात कोण लावणार? काळोख, आणि कातळावर आपटून परत येणारा असा आवाज की बोलणंच बंद. उघड्या खिडकीतून ओली, गार हवा येते. कुणाचा तरी हात माझा हात चाचपडतो, तळव्यावर वडी ठेवतो आणि निघून जातो. आजींचा की काकूंचा, समजत नाही. चावताना करपलेली कड दाताखाली कुरकुरते, मग वेलदोडा लागतो. थोड्या वेळाने दुसरी वडी येते. कुणी तरी हसतंय, एवढं आवाजातूनही कळतं.

उजेड होतो. डबा रिकामा. नातवाचे दोन्ही गाल फुगलेले, हनुवटीला गूळ. आजी त्याच्याकडे बघतात, मग डब्याकडे, मग काकांकडे.

"धोंडस उत्तम झालं होतं," काका म्हणतात.

नातू गिळतो आणि विचारतो, "आजी, आता पुढचो बोगदो कधी?"