बोंडअळी थंडीत झोपते, उकाड्यात उठते. बीडच्या कापसाला फरदड का महागात पडते?

डिसेंबर उजाडला की गेवराई, माजलगाव भागातल्या कापूस उत्पादकांपुढे प्रश्न उभा राहतो. पऱ्हाटी उपटायची की पाणी देऊन आणखी एक वेचणी घ्यायची? विहिरीला पाणी आणि बाजारात बरा भाव असेल, तर फरदडीचा मोह होतोच. पण गुलाबी बोंडअळीचा पुढच्या हंगामाचा हिशेब इथेच ठरतो.

तापमानाचं गणित काय?

कीटकांना स्वतःचं शरीर उबदार ठेवता येत नाही. त्यामुळे त्यांची वाढ बाहेरच्या तापमानावर चालते. बोंडअळीची वाढ साधारण १३ अंशांखाली जवळपास थांबते. दिवसाची सरासरी २० अंश असेल, तर वाढीच्या खात्यात ७ अंश जमा होतात. २८ असेल तर १५. म्हणजे वेग दुपटीहून जास्त. म्हणूनच उबदार दिवसांत अंड्यापासून पतंगापर्यंतची फेरी महिनाभरात उरकते, थंडीत तिला त्याच्या दुप्पट वेळ लागू शकतो. एक मादी शंभरावर अंडी घालते. एक पिढी वाढली तर काय होईल, ते सांगायला नको.

अतिउष्णताही तिला सोसत नाही. पारा पस्तिशीच्या बराच पुढे गेला की अंडी घालणं आणि ती उबणं, दोन्ही घटतं. सप्टेंबर-ऑक्टोबरचं हवामान मात्र तिच्या सोयीचं. डोमकळ्या दिसू लागतात त्या याच सुमारास.

मग बीडच्या उन्हाळ्यात ती मरत का नाही?

कारण ती लपते. दिवस लहान आणि थंड झाले की अळी सुप्तावस्थेत जाते. किडक्या बोंडांत, दोन सरक्या जोडून त्यांच्या आत, मातीच्या भेगांत. जिनिंगमध्ये आलेल्या सरकीतही ती असते. फरदड म्हणजे तिच्यासाठी आयता निवारा. खोल नांगरट करून माती एप्रिल-मेच्या उन्हात उघडी टाकली, तर यातल्या बऱ्याच अळ्या मरतात.

उरलेल्या अळ्यांचे पतंग उकाडा आणि पहिल्या पावसाच्या ओलाव्यात बाहेर पडतात. ते जेमतेम दोनेक आठवडे जगतात. तेव्हा शेतात पाती-फुलं नसली, तर अळ्यांना खायला काही मिळत नाही आणि ती पिढी तिथेच संपते. ठिबकवर मे महिन्यात लावलेला कापूस मात्र नेमका त्याच वेळी पात्यांवर येतो. जूनआधी लागवड नको, हा कृषी विभागाचा सल्ला यासाठीच.

बीटी असताना ही वेळ का आली?

२००२ मध्ये बीटी कापूस आला तेव्हा ही अळी आटोक्यात होती. पुढे तिने प्रतिकारशक्ती कमावली आणि २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भातली बोंडं पोखरून काढली. तेव्हापासून भिस्त पाळतीवर आहे. एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. सलग तीन रात्री सापळ्यात प्रत्येकी आठ पतंग सापडले, की मगच फवारणी.