लॅपटॉपवर तापवा लोखंड!

लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की लोहचुंबकाला चिकटत नाही. निवलं की पुन्हा चिकटतं. पाण्याचा बर्फ होतो तसंच हेही अवस्थांतर. आतले अणू म्हणजे चिमुकले चुंबक. थंड असताना एका दिशेला तोंड करून उभे, तापले की जो तो आपल्या मनाचा राजा. ही रांग नेमकी कधी मोडते?

अर्न्स्ट आयझिंगने १९२५ मध्ये याचं सोपं मॉडेल छापलं. त्याचं चौकटीच्या कागदावरचं रूप असं : प्रत्येक घरात वर किंवा खाली बाण, शेजाऱ्यांकडे बघून दिशा ठरवणारा. त्याचं उत्तर लार्स ऑनसागरने १९४४ मध्ये काढलं, मॉडेलच्या एककात २.२६९. ते गणित एमएस्सीवाल्यांनाही घाम फोडतं.

२०१७ मध्ये हुआन कारास्किया आणि रॉजर मेल्को यांनी समीकरणं बाजूलाच ठेवली. न्यूरल नेटवर्कला बाणांची ढीगभर चित्रं दाखवली आणि ‘हे गार, हे गरम’ एवढंच सांगितलं. नेटवर्क जिथं ‘फिफ्टी-फिफ्टी’ म्हणू लागलं, तो आकडा ऑनसागरच्या आकड्याला जाऊन भिडला. मग तेच नेटवर्क, पुन्हा न शिकवता, त्रिकोणी जाळीवर लावलं. तिथंही उत्तर जवळपास बरोबर! मला तर हेच जास्त भारी वाटतं.

पण ते शिकलं काय? मुख्यतः वर किती, खाली किती हे मोजायला. विद्यार्थी हुशार, पण पेपरही सोपाच होता म्हणा. जिथं अशी मोजणी कामी येत नाही, त्यातल्या काही अवस्थांपुढे साधं नेटवर्क अडलं. तिथं कन्व्होल्यूशनल नेटवर्क आणावं लागलं.

या विषयाचा एक धागा पुण्यातही आहे. सांख्यिकी भौतिकीतलं मानाचं बोल्ट्झमन पदक २०२२ मध्ये पुण्याच्या आयसरमधले दीपक धर आणि जॉन हॉपफील्ड यांना विभागून मिळालं. धर हे पदक मिळवणारे पहिले भारतीय. हॉपफील्डने १९८२ मध्ये चुंबकांच्याच गणितावर नेटवर्क उभं केलं होतं. २०२४ चं नोबेल त्याला जेफ्री हिंटनसोबत त्यासाठीच मिळालं.

यासाठी बीड-अंबाजोगाई सोडून कुठं जायची गरज नाही. मूळ पेपर अर्काइव्हवर फुकट आहे. ४० बाय ४० ची जाळी साध्या लॅपटॉपवर पायथॉनमध्ये चालते : एक बाण निवडा, उलटा केल्यावर ऊर्जा कमी झाली तर तसाच ठेवा, वाढली तर तापमान बघून फासे टाका. हेच लाखो वेळा. २.२७ च्या जवळ बाण स्थिरावायला फार वेळ घेतात. तेवढा भाग रात्री लावून झोपा.